आठ सेंटिमीटरचा वेस

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता मी वेसला काढून टाकलं. त्या वेळी मला वाटलं, मी साफसफाई करतोय.

आमच्याकडे वेस दोन होते. एक वेस हॅलक्रो, वय एकसष्ट, हिवाळी रस्त्याच्या ऑफिसात बर्फाची जाडी मोजणारा. दुसरा वेस म्हणजे ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरमधली साठ ओळींची एक फाइल. मी दुसऱ्याला काढलं. पहिल्याला काढायची हिंमत अख्ख्या उत्तर मॅनिटोबात कुणाची नाही.

ऑफिस म्हणजे तीन माणसं आणि एक हीटर. बर्नी ह्रिकॅक प्रमुख, वेस मोजणारा आणि मी, लायल स्पेन्स, चोवीस वर्षांचा, 'कॉम्प्युटरचं जे काय असेल ते' बघणारा. ओल्ड स्टोव्ह तळं डिसेंबरात गोठतं, मग त्याच्यावरून आठ किलोमीटरचा रस्ता जातो. वेस रोज सकाळी स्किडूवरून, म्हणजे बर्फावरच्या मोटरगाडीवरून, चौथ्या किलोमीटरला जातो, भोक पाडतो, त्यात मोजपट्टी सोडतो आणि वायरलेसवर आकडा सांगतो. बर्नी तो आकडा एका फाइलीत टाइप करते. मग पर्ल भाषेत लिहिलेला एक जुना प्रोग्राम ती फाइल वाचतो, जाडीचा वर्ग करतो, चारने गुणतो आणि सूचना छापतो: आज रस्त्यावर कमाल वजन अमुक टन. सूचना दारावर लागते. गावात पाद्र्याशी वाद घालतात, नर्सशी घालतात, पण त्या दाराशी कुणी घालत नाही.

जुना कॉम्प्युटर दोन हजार दोन सालचा. तो सुरू होताना डांबराच्या गाडीसारखा आवाज करायचा. नवीन आला, आणि प्रोग्राम तिकडे हलवायचं काम माझ्याकडे आलं. हलवला. चालवला. नवीन कॉम्प्युटर म्हणाला, 'वेस' नावाची फाइल सापडत नाही. मी प्रोग्राम उघडून पाहिला. वेसचा उल्लेख फक्त दोन ओळींत होता. त्या दोन ओळी मी खोडल्या, फाइल साधी सरळ उघडली, प्रोग्राम गुपचूप चालला. माझ्या धंद्यात याला दुरुस्ती म्हणतात. तक्रार करणारी ओळ काढली की तक्रार उरत नाही.

सूचना छापून आली. चव्वेचाळीस पॉइंट नऊ टन.

"अरे वा," बर्नी म्हणाली. "काल तर अडतीस होते."

"रात्री थंडी पडली ना," मी म्हणालो. कॉम्प्युटरवाल्या माणसानं हवामानाबद्दल बोलायचं नसतं, पण ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

पाच मिनिटांत फोन वाजला. आँटी ओडेट. ती माझी आँटी नाही, कुणाचीच सख्खी नाही. आमच्याकडे साठीच्या पुढची प्रत्येक बाई आँटी असते.

"लायल, दारावर किती?"

"पंचेचाळीसला थोडं कमी, आँटी."

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग लांबवर ती कुणालातरी ओरडली, "कॉर्नी! बूट घाल! आपण निघतोय!"

आँटी ओडेट लाफ्राम्बोआज तळ्याच्या उत्तर काठावर राहायची. तिथे पूर्वी चौदा घरं होती, आता एकच, तिचं. मे महिन्यात वीज कंपनी तिकडची लाइन काढून नेणार होती. एका बाईसाठी अकरा किलोमीटर तार त्यांना परवडेना. म्हणून आँटीनं ठरवलं, घर घेऊनच दक्षिण काठावर यायचं. दक्षिणेतून कॉर्नी टीचरोब आला. तो मेनोनाइट, म्हणजे जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाचा, आणि त्याच्या घरात तीन पिढ्या घरं हलवण्याचा धंदा. त्यानं जॅक लावून घर उचललं, पोलादी तुळयांवर घेतलं, सोळा चाकांच्या ट्रेलरवर ठेवलं. घर आणि ट्रक मिळून बेचाळीस टन. दारावर अडतीस. गेले नऊ दिवस आँटी ट्रेलरवरच्या घरात राहत होती आणि शिडी लावून चढ-उतार करत होती. रोज सकाळी आम्हाला फोन. कॉर्नी शनिवारपर्यंतच थांबू शकत होता. त्यानंतर दक्षिणेकडचा हिवाळी रस्ता बंद, आणि मग आँटीचं घर अख्खा उन्हाळा चाकांवर, विजेशिवाय, डासांमध्ये.

मंगळवारी दुपारी कॉर्नीनं चाकांना हवा भरली. गुरुवारी सकाळी निघायचं ठरलं.

बुधवारी सकाळी मी ऑफिसात आलो तेव्हा बर्नी दोन कागद हातात धरून उभी होती.

"हे काय आहे, लायल?"

एका कागदावर चव्वेचाळीस पॉइंट नऊ. दुसऱ्यावर अडतीस पॉइंट चार.

"दुसरा कुठून आला?"

"जुन्या डब्यातून."

"तो बंद केला नाहीस?"

"त्याच्या पंख्यानं माझे पाय शेकतात," बर्नी म्हणाली. "टेबलाखाली ठेवलाय. त्यानं आपला आठ वाजता उठून कागद छापला. सवय आहे त्याची."

दोन्ही कॉम्प्युटर एकाच फाइलीतून वाचत होते. फाइल मी उघडली: शेवटची ओळ, एकशे सहा. वेसनं सकाळी तोच आकडा सांगितला होता, बर्नीनं तोच टाइप केला होता. एकशे सहाचा वर्ग गुणिले चार, चव्वेचाळीस हजार नऊशे चव्वेचाळीस किलो. नवा बरोबर होता. मग जुना कुठलं गणित करत होता? मी उलटं करून पाहिलं. अडतीस पॉइंट चार यायला जाडी अठ्ठ्याण्णव लागते.

बर्नीनं दारावरचा मोठा आकडा काढून छोटा लावला. "दोन असले की लहान लावायचा," ती म्हणाली. "आता तू शोध काढ. आणि ओडेटचा फोन तू घे."

जुन्या प्रोग्रामच्या चाळीस ओळी मी तीनदा वाचल्या. वजाबाकी कुठेच नव्हती. फाइल उघडते, ओळ येते, वर्ग होतो, छापला जातो. एकशे सहा आत जातं, अठ्ठ्याण्णव होऊन बाहेर येतं, आणि मध्ये हात लावणारं कुणी दिसत नाही. मला खरं तर भीती वाटायला हवी होती. मला मजा वाटायला लागली. असलं काही पहिल्यांदाच बघत होतो.

मग मी काल खोडलेल्या दोन ओळींकडे आलो.

प्रोग्रामनं फाइल उघडली की त्याच्या हातात एक मूठ येते. आम्ही तिला हँडल म्हणतो. मूठ धरून म्हणायचं, पुढची ओळ दे. फाइल देते. पण पर्लमध्ये ही मूठ एखाद्या क्लासला बांधता येते. क्लास म्हणजे कसं वागायचं ते लिहिलेला कागद समजा. बांधल्यावर मूठ दिसायला तीच. प्रोग्राम पूर्वीसारखाच म्हणतो, पुढची ओळ दे. पण मागणी फाइलीकडे जात नाही, क्लासकडे जाते. ओळ मागितली तर काय द्यायचं, लिहायला सांगितलं तर काय करायचं, मागे जा म्हटलं तर जायचं की नाही, बंद करताना काय म्हणायचं, सगळं क्लास ठरवतो. प्रोग्राम बिचारा आयुष्यभर समजतो की आपण फाइलीशी बोलतोय.

आमच्या प्रोग्रामनं मूठ 'वेस' नावाच्या क्लासला बांधली होती.

मी ती साठ ओळींची फाइल उघडली. सगळ्यात वर एक टीप होती: वेसला विचारू नका.

खाली, ओळ मागितली तर: आकडा घे, आठ वजा कर, मग दे.

रविवारी ओळ मागितली तर: शनिवारचीच दे, वेस रविवारी येत नाही.

लिहायला सांगितलं तर: प्रोग्राम तिथेच थांबव आणि छाप, 'वेसला काही सांगता येत नाही.'

मागच्या ओळीवर जा म्हटलं तर: 'वेस मागे जात नाही.'

बंद करताना: दोन सेकंद गप्प बस, मग म्हण, 'बरं.'

मी पहिल्या वेसबरोबर सहा वर्षं काम करत होतो. हा त्याच्यापेक्षा जास्त वेस होता.

फाइलीच्या तळाशी नाव होतं, मर्ल फॉसनूव्ह, आणि तारीख, फेब्रुवारी दोन हजार चार. मर्ल माझ्या जागी काम करायचा. आता निवृत्त होऊन गावच्या कर्लिंग रिंकवर, जिथे बर्फावरून दगड सरकवायचा खेळ चालतो, बर्फ बनवतो. मी गेलो तेव्हा तो पाठीवर पाण्याची टाकी घेऊन उलटा उलटा चालत बर्फावर थेंब शिंपडत होता.

"मर्ल, तू वेसचा क्लास लिहिला होतास?"

तो थांबला नाही. "अजून चालतोय?"

"कालपर्यंत. मी काढला."

आता थांबला. "पोरा, त्यात आठ सेंटिमीटर होते."

"तेच विचारायला आलोय."

"वेसची मोजपट्टी," मर्ल म्हणाला. "खाली आकडी असते बघ, बर्फाच्या तळाला अडकायची? दोन हजार चारला तिचं खालचं टोक मोडलं. आठ सेंटिमीटर. त्यानं काय केलं, उरलेल्या टोकाला नवी आकडी वेल्ड केली आणि मोजत राहिला. पट्टीवर शून्य राहिलंच नाही. आठपासून सुरू. म्हणजे जेवढं वाचेल त्यात आठ जास्त."

"मग त्याला सांगायचंस."

"सांगितलं! म्हटलं, वेस, तुझी पट्टी खोटं बोलते. तो म्हणाला, माझ्या बापानं याच पट्टीनं मोजलं. म्हटलं, तुझ्या बापाच्या वेळी तिला टोक होतं. त्यानंतर पंधरा वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही." मर्लनं टाकी खाली ठेवली. "नवी पट्टी मागवायची तर वेसची सही लागायची. क्लास लिहायला कुणाची सही लागत नाही."

"पण मग प्रोग्राममध्येच आठ वजा करायचे. मूठ कशाला बांधलीस?"

मर्ल माझ्याकडे बघत राहिला. "प्रोग्राम चुकत नव्हता. वेस चुकत होता. ज्याची चूक, त्याच्या नावावर. आणि खरं सांगू? नुकतंच शिकलो होतो बांधायला. हिवाळ्यात इथे दुसरं काय आहे?"

ऑफिसात परतलो तर आँटी ओडेट माझ्या खुर्चीत बसली होती. तळं ओलांडून आली होती. आँटीला न्यायला अडतीस टन पुरतात.

"काल पंचेचाळीस, आज अडतीस," ती म्हणाली. "तुझ्या मशीनला ताप आलाय का?"

मी सगळं सांगितलं. पट्टी, टोक, मूठ, मर्ल. तिनं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे खरे अठ्ठ्याण्णव. म्हणजे मी जात नाही."

"पट्टी अजून मोडकीच असेल तर," मी म्हणालो. हे बोलताना माझ्याच डोक्यात उजेड पडला. "पंधरा वर्षं झाली. वेसनं मध्ये नवी पट्टी घेतली असेल तर पट्टी खरी, एकशे सहा खरं, आणि मर्लचा क्लास आजवर उगाच आठ कापत होता. मग आपण जातो."

"तर मग त्याला विचार."

बर्नीनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

"काय झालं? माणूस आहे, अस्वल नाही," आँटी म्हणाली. "मी विचारू? मी त्याच्या आईबरोबर बिंगो खेळायचे."

"मी जातो," मी म्हणालो. म्हणजे तसं मी म्हणालो नव्हतो, पण मी स्किडूवर बसल्यावर लक्षात आलं की म्हणालो असणार.

चौथ्या किलोमीटरला वेस पुन्हा भोक पाडत होता. घर जायचंय म्हणून दुपारी एकदा मोजा, असं मी वायरलेसवर सांगितलं होतं. तेवढं सांगता आलं. वेस उंच आहे, आणि कमी बोलतो. तुम्ही त्याला प्रश्न विचारला की तो तुमच्यामागे कुणी उभं आहे का ते बघतो.

पाणी वर आलं. वेसनं स्किडूमागच्या स्लेडवरून, घसरगाडीवरून, पट्टी काढली. मी नीट बघितली. लखलखीत पोलाद. खाली फॅक्टरीची आकडी. शून्यापासून आकडे.

नवी होती. मी त्याला मिठीच मारणार होतो.

"अंकल वेस, ही पट्टी कधीची?"

तो माझ्यामागे बघून म्हणाला, "दोन हजार पाच."

"जुनी?"

"मोडकी होती. एक माणूस तिच्याबद्दल बरंवाईट बोलला. म्हणून स्वतःच्या पैशांनी नवी घेतली. पण त्याला कशाला सांगू?"

म्हणजे एकशे सहा खरं! मी मनातल्या मनात आँटीचं घर तळ्यावरून आणायला निघालो. वेसनं पट्टी भोकात सोडली, आकडी तळाला अडकवली, ताणून धरली. मी वाकून आकडा वाचला.

अठ्ठ्याण्णव.

वेसनं वायरलेस तोंडाशी नेला. "बर्नी. एकशे सहा."

घर मनातल्या मनात अर्ध्यावर होतं, तिथेच थांबलं.

"अंकल वेस," मी म्हणालो, "पट्टीवर अठ्ठ्याण्णव आहे."

"हो."

"तुम्ही एकशे सहा म्हणालात."

"हो." आणि मी मठ्ठ असल्यासारखं त्यानं समजावलं, "तुमचं मशीन आठ खातं."

"काय?"

"नवी पट्टी आणली ना, तेव्हा दोन आठवडे बघितलं. मी नव्वद सांगायचो, दारावर ब्याऐंशीचं वजन लागायचं. मी पंच्याण्णव, दारावर सत्त्याऐंशी. गणित मलाही येतं. माणसाशी बोलत नव्हतो, मशीनला काय सांगणार? म्हणून मीच आठ वाढवून द्यायला लागलो. तेव्हापासून दार बरोबर बोलतं."

मी बर्फावर बसलो. थंड होता, पण बसणं गरजेचं होतं.

चौदा हिवाळे एक माणूस आठ वाढवून सांगत होता आणि एक क्लास आठ कापून देत होता. दोघं एकमेकांना खोटं समजत होते, आणि दारावर दर सकाळी अगदी खरा आकडा लागत होता. तेवढ्यात मी आलो आणि साफसफाई केली. आँटी ओडेट गुरुवारी निघाली असती तर बर्फ पेलणार होता अडतीस टन, आणि ती आणणार होती बेचाळीस.

"मी तो काढला," मी म्हणालो. "खाणारा."

वेसनं पट्टी पुसली. "त्याला नाव होतं?"

मी सांगितलं. वेसनं पट्टी स्लेडवर बांधली. मग म्हणाला, "दाखव."

ऑफिसात बर्नीनं त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. उभ्यानंच स्क्रीनवर वाकून एकेक ओळ वाचत गेला. मी शेजारी उभा राहून कुठल्या ओळीनं काय होतं ते सांगत होतो आणि दर ओळीला दरवाजा किती लांब आहे ते बघत होतो.

"रविवारी येत नाही. बरोबर. रविवारी देव आहे." पुढची ओळ. "काही सांगता येत नाही?"

"मर्लनं लिहिलंय," मी घाईनं म्हणालो.

"बरोबर लिहिलंय." पुढची. "मागे जात नाही... हे मशीन मला ओळखतं." तो शेवटच्या ओळीवर थांबला. "हे काय करतं?"

"बंद करताना. दोन सेकंद गप्प बसतं, मग 'बरं' म्हणतं."

वेस दोन सेकंद गप्प बसला. बर्नीनं खिडकीकडे तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते.

"उद्यापासून मी खरं सांगेन," वेस म्हणाला. "तू खाणारा पुन्हा आणू नकोस. पण दोन्ही एकाच सकाळी. तू एक दिवस आधी थांबलास तर घर बुडेल, मी थांबलो तर आँटी काठावरच राहील."

"मी कालच थांबलोय."

"मग मी आत्ताच." त्यानं वायरलेस उचलला, बर्नी समोर तीन फुटांवर होती तरी. "बर्नी. अठ्ठ्याण्णव."

"ऐकलं," बर्नी वायरलेसवर म्हणाली.

"आणि रविवारचं ठेव," तो जाताना मला म्हणाला. ठेवलं. आमच्या नव्या प्रोग्रामची मूठ आजही रविवारी शनिवारची ओळ देते; बाकी ती साधी फाइल आहे.

राहिलं घर. अठ्ठ्याण्णव म्हणजे अडतीस पॉइंट चार, आणि घर बेचाळीस. आँटीनं हिशेब ऐकला आणि कोट चढवला.

"बर्फ वाढवता येत नाही," ती म्हणाली. "घर कमी करता येतं."

गुरुवारी रेडिओवर सांगितलं: आँटी ओडेटच्या घरातून पावणेचार टन काढायचंय, ज्यांच्याकडे स्लेड आहे त्यांनी यावं. सत्तावीस स्किडू आल्या. आधी चिमणी उतरवली. विटांची होती, एकटीच अडीच टनांची. मग बिडाचा स्टोव्ह. मग न्हाणीघरातला टब. मग फ्रीझर, त्यात अख्खं मूस, म्हणजे घोड्याएवढं हरीण, आणि गेल्या उन्हाळ्यातले मासे. मग मागच्या खोलीतून होडीची इंजिनं निघायला लागली. तिचा नवरा गेला त्याला आठ वर्षं झाली. तो इंजिनं जमवायचा. अकरा निघाली.

"आँटी, तुझ्याकडे होड्या किती?"

"एकही नाही. तो म्हणायचा, होडी कधीही मिळते."

संध्याकाळी कॉर्नीनं जॅकवरचे वजनाचे काटे वाचले. "अडतीस पॉइंट एक," तो म्हणाला. "जमतं. पण आत कुणी बसायचं नाही."

"मी बसणार," आँटी म्हणाली.

"तू किती वजनाची?"

"विचारण्याची पद्धत आहे का ही?"

ती बसली नाही. शुक्रवारी सकाळी उणे एकोणतीसमध्ये घर निघालं. वजनदार गाडी जोरात गेली तर बर्फाखालच्या पाण्याला लाट येते आणि लाटेनं बर्फ फुटतो, म्हणून चालीचा वेग. पुढे स्किडूवर वेस, दर अर्ध्या किलोमीटरला नवं भोक. मध्ये ट्रक आणि घर. मागे आम्ही सगळे, पायी, लांबून. बर्फ अधूनमधून आत खोल कुठेतरी ताण सुटल्यासारखा वाजत होता. तो वाजतोच. आम्ही लहानपणापासून तो ऐकत झोपलोय. तरी त्या दिवशी प्रत्येक आवाजाला सगळे खाली बघत होते.

"अठ्ठ्याण्णव," वायरलेसवर वेस. "नव्व्याण्णव. अठ्ठ्याण्णव."

पाचव्या किलोमीटरनंतर वायरलेस जरा जास्त वेळ गप्प राहिला. वेस समोर दिसत होता, पट्टी हातात धरून उभा. तिथे तो एकटाच होता, आणि एक सेंटिमीटर वाढवून सांगितला असता तर कुणाला कळणार होतं.

"सत्त्याण्णव," वेस म्हणाला.

मी खिशातल्या फोनवर गुणलं. सदतीस पॉइंट सहा. आम्ही अडतीस पॉइंट एक.

"थांब, कॉर्नी," बर्नी वायरलेसवर म्हणाली. ट्रक थांबला. अडतीस टन एका जागी उभे ठेवणंही बरं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आँटी कॉर्नीच्या खिडकीखाली गेली.

"किती काढायचं?"

"पाचशे किलो. सहाशे असेल तर देवाचे आभार."

"आत काही नाही उरलं. भिंती आहेत आणि जमीन."

ती घराला एक चक्कर मारून आली. मग पुढच्या बाजूला थांबून वर बघितलं. तिथे पोर्च होता, जाड लाकडाचा, छतासकट, पायऱ्यांसकट, तिच्या नवऱ्यानं स्वतः बांधलेला. त्याच पोर्चवर बसून त्यांनी चाळीस उन्हाळे तळ्याकडे बघितलं असणार.

"किती वजन असेल याचं?" तिनं विचारलं.

कॉर्नीनं एकदा बघितलं. "सातशे."

"कापा."

"आँटी—"

"लायल, करवत आण. घर पोचलं तर पोर्च नंतर आणता येतो. पोर्च पोचून मी काय करू?"

चार चेनसॉ लागल्या, आणि वीस मिनिटं. ट्रक मध्ये मध्ये दोन-दोन मीटर पुढे सरकत होता, आणि आम्ही त्याच्याबरोबर चालत चालत कापत होतो, कारण एका जागी उभं राहायचं नव्हतं. चालत्या घराचा पोर्च कापणं मी तरी आधी केलेलं नव्हतं. कॉर्नीच्या तीन पिढ्यांतही कुणी केलं नसावं; तो खिडकीतून मान बाहेर काढून बघत होता आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणत होता, बहुतेक प्रार्थना. शेवटचा खांब सुटला. आम्ही दहा जणांनी तो सगळा सांगाडा दोन स्लेडवर उतरवला आणि बाजूला, शंभर मीटर लांब, ओढून नेला.

कॉर्नीनं काटा वाचला. "सदतीस पॉइंट चार."

"चल," बर्नी म्हणाली.

घर पुढे गेलं. पुढच्या दारातून आता सरळ हवेत पाऊल पडलं असतं. शहाण्णव आलं नाही. अठ्ठ्याण्णव आलं, नव्व्याण्णव आलं, आणि सातव्या किलोमीटरला वेसनं एकशे चार सांगितलं तेव्हा आँटी पहिल्यांदा म्हणाली, "सिगारेट आहे का कुणाकडे?"

पावणेबारा वाजता पुढची चाकं दक्षिण काठाच्या खडीवर चढली. सोळाही चढल्यावर कॉर्नीनं इंजिन बंद केलं आणि स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. लोक ओरडत होते, हॉर्न वाजवत होते. आँटी ओडेट त्यांच्यात नव्हती. ती काठावर उभी राहून मागे तळ्याकडे बघत होती.

मीही बघितलं. लांब, पांढऱ्यावर, तिचा पोर्च उभा होता. पायऱ्यांवर कुणीतरी बसलेलं दिसत होतं. वेसच असणार तो, मोजून झाल्यावर परत गेलेला; बहुतेक थर्मासमधून चहा ओतत होता. त्याच्या दिशेनं आमच्या काठावरून मर्ल, आज पाठीवर टाकी नसलेला, स्किडूवरून जात होता, सावकाश, अडीचशे किलोच्या गाडीला अजिबात गरज नसलेल्या चालीनं.

"बोलतील का रे ते?" आँटीनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"जरा बसू देत," ती म्हणाली, आणि शिडी कुठे लावायची ते सांगायला घराकडे गेली. "पोर्च दुपारनंतर आणा."